नानांच्या नाटकातली बायको

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक व्हायचं आणि त्यात बायकांची कामं पुरुषच करायचे. चेहरा कोवळा, अंगानं सडपातळ, आवाज अजून फुटलेला नाही, असं एखादं पोरगं दिसलं की नाटकवाले त्याला हेरून ठेवत. नववीत असताना ती पाळी माझ्यावर आली. नाटक बसवायचे आमचे नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आणि नायकाचं कामही तेच करायचे. त्यामुळं त्या वर्षी मी माझ्या सख्ख्या चुलत्याची बायको झालो. हे सांगितलं की माझी नात अजून खोखो हसते. मागं एकदा हसून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि खरी बायको कुठं होती तेव्हा?" खरी बायको, आमची इंदुकाकू, स्वयंपाकघराच्या दारात चहाची किटली घेऊन उभी होती. नातीला तेवढंच सांगितलं. बाकीचं इथं लिहितो.

लोहाऱ्याहून जीपनं घटकाभर गेलं की आमचं गाव लागतं. घर मोठं नव्हतं, अंगण मात्र ऐसपैस होतं, आणि आमचं निम्मं जगणं त्या अंगणातच व्हायचं. माझे वडील, त्यांना सगळे दादा म्हणत, घरातले थोरले. ते मोजकं बोलत आणि बोलले की ते ठरलेलं असे. आई, नाना, इंदुकाकू, त्यांची चार-पाच वर्षांची छबी आणि मी. काकू उमरग्याच्याही पलीकडची, कर्नाटकाला लागून असलेल्या गावातली. तिच्या माहेरी घरात कानडीच बोलत. तिच्या हातची शेंगापोळी आणि पापडासारखी पातळ कडक भाकरी आमच्याकडं कुणालाच जमली नाही. दादा जेवताना कधी कौतुक करत नसत, पण काकूच्या हातचं उडदाचं घुटं असलं की ताट दुसऱ्यांदा पुढं सरकवत. पहाटे मी अंथरुणात पडल्या पडल्या भाकरी कोण थापतंय ते ओळखायचो. आईचा हात जड, थप थप असा. काकूचा हलका, पावसाचे चार थेंब पत्र्यावर पडावेत तसा. पलीकडच्या खोलीत नाना पेटी घेऊन बसलेले असायचे. काकू दळताना कानडी गाणं म्हणायची आणि नाना तिच्या गाण्याचे सूर पेटीवर शोधत राहायचे. सापडले की ओरडायचे, "इंदे, घावलं बग!" मग ती जातं थांबवून हसायची. मी त्या दोघांना तसं हसताना पाहिलं आहे.

त्याच खोलीतून कधीकधी दुसराही आवाज यायचा. आधी नानांचा चढा स्वर, मग काहीतरी आपटल्यासारखं, मग काहीच नाही. तो आला की आई भांडी जरा जोरात आदळायला लागायची. दादा खाकरून गोठ्याकडं चालायला लागायचे. मला कुणीतरी लगेच काहीतरी आणायला पिटाळायचं. आमच्या घरात त्या आवाजाला नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाना बाजारातून बांगड्या नाहीतर गजरा घेऊन यायचे आणि काकू तो माळायची. कारण विचाराल तर कधी भाजीतलं मीठ, कधी माहेरून आलेला भाऊ, कधी काहीच नाही. नाना दारू पीत नव्हते. गावात कुणाचं भांडण झालं तर लोक मिटवायला नानांना बोलावत. त्यांनी मला पोहायला शिकवलं, पेटीवर बोटं ठेवायला शिकवलं. मला टायफॉइड झाला तेव्हा पाठीवर घेऊन ते लोहाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत चालत गेले होते. हे सगळं एकाच माणसाबद्दल लिहायचं म्हणजे अवघड जातं. म्हणूनच इतकी वर्षं लिहिलं नाही.

नानांना सिनेमाचं वेड होतं. नळदुर्गला तंबूतला सिनेमा लागला की ते काकूला आणि मला घेऊन जायचे. तंबूत मधोमध कापड लावलेलं असे, अलीकडं पुरुष, पलीकडं बाया. मी लहान म्हणून काकूजवळ बसायचो. तेव्हाच्या सिनेमात एक गोष्ट ठरलेली असायची. शिकलेली, तोंडाळ, सायकलवरून फिरणारी नायिका असे. मध्यंतराच्या आधी नायक तिच्या थोबाडीत देई. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या वाजत. पडद्यावर थोबाडीत बसली की पुढचं गाणं ठरलेलं, आणि त्या गाण्यात ती बाई पातळ नेसून, खाली बघत, त्याच्याच मागं फिरताना दिसे. आमच्या बाजूच्या बायाही त्या गाण्याला मान डोलवत. एकदा तसं गाणं चालू असताना काकूनं मला हळूच विचारलं होतं, "दिगू, तिचा गाल लगीच बरा झाला व्हय रं?" मला वाटलं ती गंमत करतेय. मी हसलो, तीही हसली.

मी नाटकात बाई होणार म्हटल्यावर दादांनी आधी साफ नाही म्हटलं. "पोरगं बायल्या व्हईल. उद्या सोयरीक कोन करील?" नानांनी आठवडाभर मिनतवाऱ्या केल्या. शेवटी एकाच वर्षाच्या बोलीवर दादा कबूल झाले. मला सजवायचं काम काकूकडं आलं. तिनं ट्रंकेच्या तळातून आपलं लग्नातलं इरकल काढलं, हिरवं, लाल पदराचं. ते नेसवताना ती गुडघ्यावर बसून निऱ्या घालायची आणि तोंडानं शिकवत राहायची. "असं छाती काढून चालू नको. हातात काय तर घागर हाय असं समज. कुनी मोठं मानूस आलं की अंग चोरायचं, अर्धं दाराआड. हसू आलं तर पदरात हसायचं." मी म्हटलं, "काकू, लई अवघड हाय गं बाई व्हनं." ती निऱ्या खोचत म्हणाली, "सराव झाला की न्हाय वाटत." मी अंगणातून चालून दाखवलं की ती आणि आई हसून हसून डोळे पुसायच्या. छबी मला 'नवी काकू' म्हणायची. ते दिवस आमच्या घरातले फार चांगले दिवस होते, हेही सांगायला हवं.

नाटक त्या काळात चालायची तशीच गोष्ट. नवरा भल्या घरचा, पण दुसऱ्या बाईच्या नादी लागलेला. दुसऱ्या अंकात तो सोशिक बायकोला मारून घराबाहेर काढतो. शेवटच्या अंकात तो आजारी, एकटा पडतो, तेव्हा तीच परत येते, त्याच्या पायावर डोकं ठेवते आणि म्हणते की माझा स्वर्ग या पायांशीच आहे. पडदा. शाळेतले मास्तर पडद्यामागून पुस्तक वाचून वाक्यं पुरवायचे. मारायच्या प्रसंगात नानांचा हात नुसता माझ्या तोंडासमोरून जायचा आणि मास्तर आतून टाळी वाजवायचे.

एका रविवारी दुपारी अंगणात तालीम चालली होती. घोंगड्यावर नाटकातली सगळी मंडळी बसली होती. मारायचा प्रसंग काही केल्या जमेना. टाळी वाजली की मी गालावर हात ठेवून, "आई गं!" म्हणून धाडकन अंग टाकायचो. मास्तर वैतागून म्हणाले, "दिगू, बैलानं ढुशी दिल्यागत पडतोस लेका. बाईसारखं पड." सगळे हसले. नानांनी दोनदा करून दाखवलं, मला काही ते साधेना. इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"तसं न्हाय ते."

काकू पुरुषांच्या बैठकीत कधी बोलायची नाही. चहा दारात ठेवायचा आणि मी तो आणायचा, अशी रीत. सगळ्यांनी वळून पाहिलं. नाना त्या दिवशी रंगात होते. ते हसत म्हणाले, "आता गं बया! मग कसं ते तूच सांग की. या, मालकीणबाई, या."

काकूनं किटली खाली ठेवली आणि ती खरंच अंगणात आली. माझ्या शेजारी उभी राहिली, पण बघत होती जमिनीकडं. "हात गालावर जात न्हाय आदी," ती म्हणाली. "आदी पदर सावरायचा." आणि तिनं ते करून दाखवलं. कुणी हात उचलला नव्हता, तरी तिची मान झटकन एका बाजूला गेली, जशी खरंच बसावी. हात वर गेला तो डोक्यावरचा पदर ओढायला. त्याच वेळी डोळे गेले दाराकडं, मग खिडकीकडं. "कुनी बगितलं का ते बगायचं. मग हातातलं काय पडलं आसंल ते उचलायचं. वराडायचं न्हाय. रडायचं तर मागनं. तवा येळ कुठं आसतो, चुलीवर काय तर आसतंच की." एवढं बोलून तिनं पदर नीट केला, किटली उचलून माझ्या हातात दिली आणि ती आत गेली.

मास्तर पुस्तकाची पानं पुढं-मागं करत राहिले. एकजण बिडी पेटवायला म्हणून उठला तो आलाच नाही. मग नाना म्हणाले, "परत घेऊ." आम्ही परत घेतलं. मी तिनं सांगितलं तसं केलं. मास्तरांची टाळी त्या वेळी वाजलीच नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सगळेच त्या आवाजाची वाट बघत होतो. आई ताटं वाढताना सारखी नानांच्या तोंडाकडं बघत होती. आवाज आला नाही. नाना जेवले, पेटी पुढं घेऊन बसले, पण वाजवली नाही. मला तेव्हा वाटलं, नानांना कळलं, आता संपलं. मला अजूनही वाटतं की त्या दिवशी त्यांना कळलं होतं. पण कळलेल्या गोष्टीचं करायचं काय, हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. नाटक मात्र येत होतं. म्हणून त्यांनी ते नाटकात घातलं.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला नाटक सुरू झालं. दुसऱ्या अंकात नानांचा हात फिरला, मी पदर ओढला, दाराकडं पाहिलं, पडलेला तांब्या उचलला. पुरुषांच्या बाजूनं शिट्टी आली नाही. बायांच्या बाजूला तर अशी शांतता पसरली की तान्ह्या पोराची किरकिर ऐकू यावी. मग कुणीतरी हुंदका दिला आणि एकीचं बघून दुसरी, साऱ्याच रडायला लागल्या. शेवटच्या अंकात मी नानांच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा माझ्या मानेवर काहीतरी ऊन ऊन पडलं. नाना खरंच रडत होते. डोकं वर करताना मला समोर दिसलं, काकू झोपलेल्या छबीला खांद्यावर टाकून बायांतून वाट काढत घराकडं निघाली होती. टाळ्या थांबत नव्हत्या. नाटक संपल्यावर सरपंचांनी आम्हां दोघांना नारळ दिला, आणि नाना भेटेल त्याला अभिमानानं सांगत होते, "ती पदराची गोष्ट हाय ना, ती आमच्या हिनं शिकीवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आडावर पाण्याला गेली. तिथं कुणीतरी भाबडेपणानं तिला म्हणालं, "इंदू, पोरानं हुबेहूब तुजं केलं बग." तिनं घागर तिथंच ठेवली आणि रिकाम्या हातानं घरी आली. दादा ओट्यावर बसले होते, नाना शेजारी. काकू आजवर दादांसमोर उभी राहून बोलली नव्हती, जे काही असेल ते आईकडून जायचं. त्या दिवशी ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"भावजी, मला म्हायेरी जायाचंय."

"का बरं? सण न्हाय, वार न्हाय."

"माझं सगळ्या गावानं बगितलं. आता मला हितं तोंड दावू वाटंना."

दादा म्हणाले, "अगं, नाटक व्हतं ते."

"तुमाला ठावं हाय ते काय व्हतं," काकू म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. दादांनी मान खाली घातली. आई आतून लगबगीनं आली. "इंदू, असं करू नये गं. त्या नाटकातली बाई सुदिक परत आलीच की. बाईमानसाला दुसरं काय हाय?"

"तिचं लिवनारा कोन व्हता अक्का? बाप्याच की."

नानांना वर बघता येत नव्हतं. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता, कुठलाही. ते फक्त म्हणाले, "जाऊ द्या तिला. चार दिस ऱ्हाईल, यील." दादांना मान राखायचा होता, आपला आणि घराचा. त्यांनी ठरवून टाकलं, काकूनं जावं, पण छबी इथंच राहील. "पोरगी आमची हाय," एवढंच म्हणाले. काकूनं छबीकडं पाहिलं, मग दादांकडं. तिनं पिशवी भरली.

लोहाऱ्याला तिला उमरग्याच्या गाडीत बसवायला मी गेलो. स्टँडवर आम्ही लिंबाखाली बसून होतो. तिनं छबीसाठी पेरू घेतले आणि माझ्याजवळ दिले. "तिची वेणी आवळून घालू नगा म्हनावं, डोकं दुकतं तिचं." गाडी लागली तेव्हा तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. माझ्या कानामागं आदल्या दिवशीची पावडर राहिली होती, ती पदरानं पुसली. "काम ब्येस केलंस दिगू," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

नाना आणायला गेले नाहीत. मन होतं, मी बघत होतो. संध्याकाळी ते वेशीपर्यंत जायचे आणि शेवटची जीप रिकामी झाली की परत यायचे. पण नवऱ्यानं बायकोला आणायला जायचं म्हणजे गाव काय म्हणेल, हा धोंडा त्यांच्या गळ्यात होता. तिकडं काकूच्या भावांनी तिला ठेवून घेतलं होतं. ती तिथं शेतात जायची, बरी होती, असं येणारे-जाणारे सांगत. दिवस गेले, पेरण्या झाल्या. छबी आईजवळ झोपायची आणि झोपेत कानडीत काहीतरी बोलायची. आमच्यापैकी कुणालाच ते कळायचं नाही.

मग आईनं उमरग्याच्या बाजाराला निघालेल्या एका माणसाजवळ निरोप धाडला. छबीला लई ताप हाय, लगीच ये. छबीला ताप आला होता, एक रात्र, आणि उतरलाही होता. काकू दुसऱ्या दिवशी भर दुपारी आली. जीपची वाट न बघता ती फाट्यापासून चालत आली होती, पायांवर गुडघ्यापर्यंत काळी माती. अंगणात छबी सागरगोटे खेळत होती. काकू थांबली. तिनं पोरीकडं पाहिलं, मग सुपात जोंधळे पाखडणाऱ्या आईकडं पाहिलं. आईचं सूप थांबलं, पण ती मान वर करेना. छबी "आई!" म्हणून पळत येऊन तिच्या पायांना बिलगली. काकूनं पिशवी खुंटीला अडकवली, पाय धुतले आणि चुलीपुढं बसली. ती परत कधी गेली नाही.

पुढच्या वर्षी मला मिसरूड फुटली, आवाज घोगरा झाला. सोलापूरहून नटी आणायला लागले. मी शिकायला बाहेर पडलो, मास्तर झालो. नानांचा हात हळूहळू कमी झाला. बंद झाला असं मी म्हणणार नाही. घरात टीव्ही आला तेव्हा संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं आमच्याकडं जमत. मालिकेतल्या सुना सोसत, रडत, बाया डोळे पुसत. काकू अंगणात शेंगा फोडत बसायची. नाना आतून हाक मारायचे, "अगं ये की, लई चांगलं चाललंय." ती म्हणायची, "तुमी बगा."

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा एकदा तिनं मला जवळ बोलावलं. "मी तवा निरोप धाडला नसता तर?" ती म्हणाली. "इंदू तिकडं बरी ऱ्हायली असती का रं?" मी म्हटलं, "कुणाला माहीत आई." तिनं डोळे मिटले. "मला संसार मोडायचा नव्हता," ती म्हणाली, "कुनाचा, ते बगितलंच न्हाय."

नानांचं शेवटचं दुखणं लांबलं. काकूनं सगळं केलं, लेकराचं करावं तसं. लोक म्हणाले, अशी बायको मिळायला पुण्य लागतं. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी तिनं पिशवी भरली. छबी पुण्याहून आली होती, ती रडली, "आता कशाला आई? आता तर कुणी नाही त्रास द्यायला." काकू म्हणाली, "म्हनूनच." भावाच्या मुलांनी तिला माहेरच्या घरातली पुढची खोली दिली.

गेल्या थंडीत मी तिला भेटायला गेलो. मला वाटलं होतं, ती तिथं खुलली असेल. ती थकली होती. बरोबरीच्या मैत्रिणी गेल्या, एक उरली आहे तिला ऐकू येत नाही. गल्लीतली पोरं तिच्या कानडीला हसतात. "शब्द घावत न्हाईत रं," ती म्हणाली. "मनात सगळी मराठीच येती. हितं मी मराठी बाई, तितं कानडी." भिंतीवर नानांचा फोटो होता, नाटकातल्या पोशाखातला, ऐन उमेदीतला. त्याला ताजा हार होता. मी फोटोकडं बघतोय हे तिनं पाहिलं.

"मानूस वाईट नव्हता दिगू," ती म्हणाली. तिनं तव्यावर भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं. "वाईट आसता तर मी तवाच सुटले आसते."

भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, "जेव, गार व्हईल."